भांडणाचं साल चुकलंय

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी सिनसिनाटीजवळ मेसनला राहतो, धाकटा भाऊ डेट्रॉइटजवळ नोवीला. मूळचे सांगलीचे. शाळेत दोघं एकाच संघातून कबड्डी खेळलो, इथे आल्यावर अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं. 2021 च्या ड्राफ्टआधी (संघ त्यात पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) तो म्हणत होता की आमच्या सिनसिनाटी बेंगल्सनी पेनेई सूएल हा टॅकल घ्यावा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या लाइनमधला कडेचा माणूस. मी म्हणत होतो, जामार चेस हा चेंडू झेलणारा रिसीव्हर घ्यावा. चेस आला, आणि दोनच नंबरांनी सूएल नेमका भावाच्या डेट्रॉइट लायन्सकडे गेला. त्या पहिल्या वर्षी मी खूप मिरवलं. चेसने 266 यार्ड केले त्या दिवशी भावाला सात फोटो पाठवले. मग लायन्स वर आले आणि तो मिरवू लागला. 14 सप्टेंबर 2025 ला आमचा क्वार्टरबॅक जो बरो पायाच्या अंगठ्याची दुखापत होऊन पडला आणि मिनिटभरात भावाचा मेसेज आला, ‘घ्या अजून रिसीव्हर.’ मी उत्तर दिलं नाही. 5 ऑक्टोबरला लायन्स आमच्याकडे खेळायला आले. दोघांची तिकिटं आधीच काढली होती. त्याचं तिकीट मी ऑफिसातल्या एकाला दिलं. दिवाळीलाही बोलणं नाही. आई सांगलीहून दर रविवारी विचारते. आता सांगा, 2021 मध्ये बरोबर कोण होतं? लाइन ड्राफ्टमधून उभारायची की पैसे टाकून? आणि मी थोरला असून आधी फोन करायचा का?

– एक वाचक, मेसन, ओहायो

नमस्कार.

तुमचं पत्र बहुतेक फुटबॉलवर आहे आणि तिकिटावर दोनच ओळी. त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यांच्याकडे येतेच. पण आधी फुटबॉल, कारण ज्या प्रश्नावर तुम्ही दोघं अडून बसला आहात त्याचं उत्तर मला मनापासून द्यायचंय. मी दक्षिण न्यू जर्सीत राहते, फिलाडेल्फिया ईगल्सचे सामने बघत हा खेळ शिकले, आणि या खेळात मला सगळ्यात जवळचे वाटतात ते लाइनमधले पाच जण. रिसीव्हरचे झेल मोजतात, यार्ड मोजतात. टॅकलच्या आतल्या बाजूला उभ्या गार्डचं नाव टीव्हीवर ऐकू येतं ते त्याची पेनल्टी झाली की. आकडा नसल्यामुळे त्यांच्यावरून वाद घालणं सोपं जातं आणि निकाल लावणं फार अवघड.

2021 चा एप्रिल आठवा. आदल्या वर्षी बेंगल्सनी जो बरोला पहिल्या क्रमांकावर घेतलं होतं. 22 नोव्हेंबर 2020 ला वॉशिंग्टनमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याची लिगामेंट फाटली आणि शहराने श्वास रोखून धरला. पाचव्या क्रमांकावर कोणाला घ्यायचं? तुमच्या भावाचं म्हणणं सरळ होतं: ज्याच्यावर संघाचं पुढचं दशक उभं आहे त्याला आधी वाचवा. यात चूक काय होती? काहीच नाही. तुमचं म्हणणंही कच्चं नव्हतं. 2019 मध्ये लुइझियाना स्टेटकडून बरो आणि चेस एकत्र खेळले, राष्ट्रीय विजेते झाले, आणि त्या एका मोसमात चेसने 1,780 यार्ड आणि 20 टचडाउन केले. ज्याच्या हातात चेंडू कसा पडतो हे क्वार्टरबॅकला डोळे मिटून माहीत आहे, असा रिसीव्हर दर वर्षी मिळत नाही.

पुढे काय झालं ते तुम्हाला पाठच असेल. चेस पहिल्याच मोसमात 1,455 यार्ड आणि 13 टचडाउन करून आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि बेंगल्स थेट सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, पोचले. बरो साखळी सामन्यांत 51 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडला गेला, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. प्लेऑफमध्ये आणखी 19 वेळा. त्यातल्या 9 वेळा एकट्या टेनेसीविरुद्ध, तरी तो सामना 19-16 असा जिंकला! मग 13 फेब्रुवारी 2022 ची ती रात्र. लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध 23-20 ने मागे, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवा. एरन डॉनल्ड आतून घुसला, बरोला त्याने धरून फिरवलं आणि चेंडू कसाबसा सुटून जमिनीवर पडला. त्याच क्षणी पलीकडे चेस आपल्या बचावपटूला मागे टाकून मोकळा धावत होता.

ती एक खेळी तुम्ही दोघांनी शेजारी बसून परत बघावी असं मला फार वाटतं. चेस मोकळा होता, म्हणजे तुमचं खरं. त्याच्याकडे बघायला बरोला वेळच मिळाला नाही, म्हणजे भावाचं खरं. पण जरा बारकाईने पाहा: डॉनल्ड कुठून आला? मधून, गार्डच्या जागेतून. टेनेसीच्या सामन्यातही जेफ्री सिमन्सने तीन सॅक केले, आणि तोही आतल्या बाजूचा खेळाडू. सूएल टॅकल आहे, तो कडेला उभा राहतो. त्या वर्षी सूएल बेंगल्सकडे असता तर कडा पक्की झाली असती, यात शंका नाही. मधलं भगदाड मात्र तसंच राहिलं असतं.

तुम्ही कबड्डी खेळला आहात, तेव्हा हे तुम्हाला मी काय सांगणार. डावा कोपरा कितीही जबरा असला तरी साखळीतले मधले दोघं एकमेकांचा हात वेळेवर धरत नसतील तर चढाईवाला तिथूनच निसटतो. फुटबॉलच्या लाइनमध्येही तसंच. समोरचे दोघं एकमेकांना ओलांडून जागा बदलतात, तेव्हा टॅकलने आपला माणूस गार्डच्या हवाली करायचा आणि गार्डचा स्वतः घ्यायचा, तेही क्षणार्धात आणि न बोलता. मधोमध उभा असलेला सेंटर आधी ओरडून सगळ्यांना कामं वाटून देतो, पण चेंडू हलल्यावर उरते ती सवय. हातात असतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. ही सवय एका ड्राफ्टच्या रात्रीत लागत नाही, ती दोन-तीन वर्षं शेजारी उभं राहून लागते.

म्हणून माझं म्हणणं असं की तुमच्या भांडणाचं साल चुकलंय. बेंगल्सची भिंत 2021 मध्ये पडली नाही. ती पडली 2017 च्या मार्चमध्ये.

अँड्रू व्हिटवर्थ आठवतो ना? 2006 मध्ये दुसऱ्या फेरीत आलेला, अकरा मोसम बेंगल्ससाठी खेळलेला लेफ्ट टॅकल. 2017 मध्ये तो रॅम्सकडे गेला. त्याच वर्षी केव्हिन झाइटलर हा पक्का गार्डही सोडून गेला. जाणार हे ओळखून बेंगल्सनी 2015 मध्येच तजवीज केली होती: पहिल्या फेरीत 21 व्या क्रमांकावर सेड्रिक ओबुएही, दुसऱ्या फेरीत जेक फिशर, दोघेही टॅकल. दोघंही टिकले नाहीत. आणि व्हिटवर्थ? वयाच्या चाळिशीत, त्याच 13 फेब्रुवारीच्या रात्री, तो समोरच्या संघाचा लेफ्ट टॅकल म्हणून सुपर बोल जिंकून गेला. तुमच्या शहराने जो माणूस सोडला तो तुमच्याच डोळ्यांदेखत जिंकला. या गोष्टीने मला आजही गलबलून येतं.

2018 चं आणखी बोचरं आहे, आणि ते तुमच्या दोन घरांना जोडणारं आहे. त्या ड्राफ्टमध्ये 20 वा क्रमांक लायन्सचा होता, 21 वा बेंगल्सचा. दोघांनीही सेंटरच निवडला. लायन्सनी फ्रँक रॅग्नाव घेतला. पुढच्याच मिनिटांत बेंगल्सनी बिली प्राइस. रॅग्नाव लायन्सच्या लाइनचा कणा झाला. प्राइसला पहिल्या वर्षी पायाच्या दुखापतीने गाठलं, त्याचा जम कधी बसलाच नाही, आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. भावाशी वाद घालायचाच असेल तर या 20 आणि 21 वर घाला. चेस आणि सूएल यांच्यापेक्षा मला ते जास्त निर्णायक वाटतात.

2019 मध्ये 11 व्या क्रमांकावर जोना विल्यम्स आला, खांदा दुखावून पूर्ण पहिलं वर्ष बाहेर बसला. 2021 मध्ये चेसच्या मागोमाग दुसऱ्या फेरीत जॅक्सन कारमन घेतला, तोही लागला नाही. ही यादी भावाला जरूर वाचून दाखवा, कारण ‘बेंगल्स लाइनकडे बघतच नाहीत’ असा त्याचा आरोप असेल तर तो खोटा आहे. ते बघत होते, निवडत होते, आणि निवड चुकत होती. लाइनमन म्हणजे खात्रीचा सौदा असं समजणाऱ्यांनी 2013 चा ड्राफ्ट आठवावा. पहिल्या चारांत तीन टॅकल होते. चौथा लेन जॉन्सन आमच्या फिलाडेल्फियात दंतकथा झाला, दुसऱ्या क्रमांकाचा ल्यूक जोकल जॅक्सनव्हिलमध्ये रुजलाच नाही.

आता सूएलचं श्रेय मी कणभरही कमी करणार नाही. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी तो ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये लायन्सनी त्याच्याशी चार वर्षांचा 11 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. तो त्याने कमावलाय. पण तो डेट्रॉइटला पोचला तेव्हा टेलर डेकर 2016 पासून तिथे होता, रॅग्नाव 2018 पासून, जोना जॅक्सन 2020 पासून. जेमतेम वीस वर्षांचा एक अफाट ताकदीचा मुलगा अशा लोकांच्या शेजारी उभा राहिला, ज्यांना आपली जागा ठाऊक होती. तरीसुद्धा त्या पहिल्या वर्षी लायन्सचे फक्त तीन विजय झाले. 12 विजय यायला 2023 उजाडलं.

मग 2021 मध्ये बरोबर कोण होतं? मी उत्तर टाळणार नाही. चेस. 2024 मध्ये त्याने झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला: 127, 1,708 आणि 17. त्या तोडीचा खेळाडू पाचव्या क्रमांकावर मिळाला तर ती निवड चुकली असं म्हणताच येत नाही. पण त्याच 2024 मध्ये बेंगल्स 9-8 वर राहिले आणि प्लेऑफला मुकले. तेव्हा ‘मी जिंकलो’ म्हणण्याइतकं तुमच्या हाती काही लागत नाही, आणि सूएल मागणारा तुमचा भाऊ मूर्ख ठरत नाही.

दुसरा प्रश्न, ड्राफ्ट की पैसा. दोन्ही लागतं, आणि नशीबही. कॅन्सस सिटीचं बघा. 2021 च्या फेब्रुवारीत टँपाने त्यांना सुपर बोलमध्ये 31-9 असं हरवलं. दोन्ही नेहमीचे टॅकल जखमी, त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स जीव मुठीत धरून पळत होता. पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात पाचच्या पाच जागांवर नवे चेहरे. जो थूनीला पाच वर्षांचे 8 कोटी डॉलर देऊन आणलं, ऑर्लँडो ब्राउनसाठी पहिल्या फेरीची निवड मोजली, सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत 63 वा घेतला, आणि गार्ड ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत 226 वा. फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे बाकीचे संघ स्मिथला घ्यायला कचरत होते. त्यानंतर त्यांनी लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. आमच्या सेंटरला, जेसन केल्सीला, 2011 मध्ये 191 वा नंबर होता. जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियातला रग्बीपटू, 2018 मध्ये 233 वा निवडलेला, तोवर त्याने फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. जेफ स्टाउटलंड या प्रशिक्षकाने त्याला घडवलं. ड्राफ्टच्या रात्री टॅकलसाठी भांडणारे आपण लाइनच्या प्रशिक्षकाचं नाव क्वचितच घेतो.

बेंगल्सनी 2022 मध्ये पैसा टाकला: टेड कॅरस, ॲलेक्स कॅप्पा, लायेल कॉलिन्स, एका उन्हाळ्यात तिघं. सॅक 51 वरून 41 वर आले. त्यात बरोनेही चेंडू लवकर सोडायला शिकून मोठा वाटा उचलला. पण मोसमाच्या शेवटी कॉलिन्स, कॅप्पा आणि विल्यम्स एकामागोमाग जखमी झाले. राखीव तिघांना घेऊन त्यांनी बर्फात बफलोला 27-10 ने हरवलं, आणि पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीत गाडी अडली. त्या मोसमाने मला शिकवलं की लाइन पाचांची नसते, आठांची असते. बेंगल्सना माझ्या मते नडलं ते हेच, आणि गार्डच्या जागी वर्षानुवर्षं मिळेल त्यावर भागवत राहणं. 2023 मध्ये त्यांनी ऑर्लँडो ब्राउनला आणलं, 2024 मध्ये 18 व्या क्रमांकावर अमॅरियस मिम्स घेतला, म्हणजे कडेची काळजी घेतली. माझ्या हातात असतं तर मी आता मधल्या तिघांवर खर्च केला असता. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतून गार्ड, एखादा जाणता सेंटर, आणि मग तीन वर्षं त्यांना हलवलं नसतं. तिसऱ्या वर्षाआधी जो शिव्या देईल त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

आता तिकीट.

भावाचा मेसेज वाईट होता. त्याचं मत तुम्ही पाच वर्षं ऐकलंत, त्याने तुम्हाला इतकं लागलं नाही. लागलं ते मिनिटभरात आलेलं. ज्या मुलाला तुम्ही दर रविवारी बघता तो वेदनेने कळवळत असताना भावाला आधी जुना हिशेब आठवला. हे तुम्हाला बोलायला हवं होतं. त्याऐवजी तुम्ही गप्प राहिलात, आणि तीन आठवड्यांनी त्याच्या खुर्चीवर परका माणूस बसवलात. मेसेज रागाच्या भरात जातो. तिकीट विचार करून दिलं जातं. म्हणून त्या दोन ओळी मला जास्त जड वाटल्या.

आणि ते सात फोटो. तो दिवस 2 जानेवारी 2022. तुमच्या चेसने 266 यार्ड केले, त्याच दिवशी लायन्स सिॲटलमध्ये 51-29 असे हरले. तेराव्यांदा त्या मोसमात. त्याची टीम तळाला असताना तुम्ही त्याला एकामागून एक सात फोटो पाठवलेत, हे तुम्ही स्वतः मला लिहिलंत. कोणी विचारलं नव्हतं. तुमच्या मनाला ते खातंय, नाहीतर आकडा लक्षात राहिला नसता.

फोन तुम्हीच करा. थोरला म्हणून मोठेपणा घेऊन करू नका. तिकीट तुम्ही दिलंत म्हणून करा. आईने सांगितलं म्हणून केला असं मुळीच म्हणू नका, ते त्याला लगेच कळेल आणि तो तिच्यासाठी गोड बोलून ठेवून देईल. दोन वाक्यं पुरतील: ‘तुझं तिकीट मी दुसऱ्याला दिलं, ते चुकलं. बरो पडला तेव्हाचा तुझा मेसेज मला फार लागला.’ मग थांबा. तो कदाचित 2021 काढेल. काढू दे, पण त्या पहिल्या फोनवर तुम्ही चेसचं नाव घेऊ नका. तो आवाज चढवून बोलला तर ‘परत करतो’ म्हणून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खरंच करा.

त्याने पहिला फोन उचलला नाही तर? पत्र टाका. मेसेज नको, तुमच्या घरात मेसेजने पुरेसं नुकसान केलंय. हाताने लिहिलेलं, मराठीत, अर्धं पान.

2026 चा ड्राफ्ट एप्रिलमध्ये पिट्सबर्गला आहे. तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही गाडीने जवळपास सारखंच अंतर. पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिराच्या निमित्ताने हा रस्ता तुमच्या कुटुंबांनी कधी ना कधी पाहिलाच असेल. जमलं तर जा. नाही जमलं तर आय-75 वर मध्यात फिंडलेला भेटा, चहा प्या, आणि ही एक गोष्ट करा: या वेळी तुम्ही लायन्ससाठी निवड करायची आणि त्याने बेंगल्ससाठी. कागदावर नाव आणि कारण लिहायचं, एकमेकांना द्यायचं, आणि तीन मोसम कोणी त्यावर बोलायचं नाही. दुसऱ्याच्या संघाची काळजी घेऊन निवडायला बसलात की त्याची दुखरी जागा आपोआप दिसायला लागते. तुम्हाला त्यासाठी लायन्सचा अभ्यास करावा लागेल. रॅग्नाव 2025 च्या जूनमध्ये निवृत्त झाला, वयाच्या 29 व्या वर्षी, दुखापतींनी थकून. त्या मोसमात लायन्सही तुमच्यासारखेच प्लेऑफबाहेर राहिले. भावाचाही तो मोसम कोरडा गेला, आणि त्याबद्दल बोलायला थोरला भाऊ नव्हता.

पहिल्या फोनवर ती दोन वाक्यं बोलून झाल्यावर फार वेळ शांतता पडली, तर त्याला एवढंच विचारा: रॅग्नावच्या जागी तुला कोण हवाय?

– तुमची ताई